कव्हरेज वेगळं, नोट्स वेगळ्या

नोट्स पटकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतात. दिग्दर्शक म्हणतो, 'मध्यंतराआधी रखडतंय, बहिणीचं पात्र काढा', आणि आपण पुढचा खर्डा लिहायला बसतो.

घोळ होतो तो कव्हरेजचा. हॉलिवूडच्या स्टुडिओत आलेली पटकथा आधी रीडर वाचतो. मोठ्या स्टुडिओंत हे स्टोरी अ‍ॅनालिस्ट असतात. रीडर लिहितो तो अहवाल म्हणजे कव्हरेज. त्यात असतात लॉगलाइन (कथेचं एका वाक्यातलं सार), एक-दोन पानांचा सारांश, रीडरचं मत आणि शेरा: नकार, विचार करावा किंवा शिफारस. हा अहवाल ज्या अधिकाऱ्यासाठी असतो त्याने पटकथा वाचलेली नसते, आणि शेरा नकाराचा असेल तर तो बहुधा वाचणारही नसतो. लेखकाला तो दाखवण्याची पद्धतच नाही.

म्हणून तेच वाक्य दोन ठिकाणी दोन कामं करतं. 'नायकाला काय हवंय ते चाळिसाव्या पानापर्यंत कळत नाही.' पानाला मिनिट धरतात, म्हणजे चाळीस मिनिटं. नोट्समध्ये याचा अर्थ: चित्रपट करतोय, एवढं दुरुस्त करा. कव्हरेजमध्ये ते नकाराचं कारण असतं. उपाय सुचवणं रीडरचं काम नाही. त्याच्यापुढे प्रश्न एवढाच, की आपल्या कंपनीने यात पैसा आणि वेळ घालावा का? तसाच विषय कंपनीकडे आधीच तयार होत असेल, तर चांगल्या पटकथेलाही नकारच मिळतो. असा शेरा कुठूनतरी कानावर आला म्हणून चांगला अंक मोडून टाकणारे लेखक पाहिले की जीव तुटतो. तो शेरा त्या कंपनीपुरता होता!

अनेक कंपन्यांत शेरे दोन असतात: एक पटकथेला, एक लेखकाला. पटकथेला नकार आणि लेखकाला 'विचार करावा' ही उत्तम बातमी आहे. दुसऱ्याच कामासाठी बोलावणं येतं ते अशा शेऱ्यावरून.

मुंबईत स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे केलेली नोंदणी यातलं काहीच नाही. तो लेखनाच्या तारखेचा पुरावा, दर्जाशी त्याचा संबंध नाही.

आणि लेखकाकडूनच पैसे घेऊन 'कव्हरेज' विकणाऱ्या सेवा मला अजिबात पटत नाहीत. तिथल्या 'शिफारस' शेऱ्यामागे चित्रपट करणारं कुणी उभं नसतं. पैसे खर्चायचेच असतील तर तुमचा विषय समजणाऱ्या अनुभवी पटकथाकाराकडून नोट्स घ्या, आणि शेरा मागूच नका.