सॉफ्टवेअर उलट प्रश्न विचारतं तेव्हा

गणिताचं सॉफ्टवेअर शिकायचं म्हटलं की नवखा माणूस आधी मॅन्युअल उघडतो आणि दहाव्या पानावर कंटाळतो. मॅन्युअल राहू द्या. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक आहे असं एखादं गणित मॅक्झिमा या गणिताच्या सॉफ्टवेअरला घाला.

मॅक्झिमा फुकट आणि मुक्तस्रोत आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. सोबत डब्ल्यूएक्स-मॅक्झिमा घ्या, म्हणजे मेनू आणि बटणं मिळतात. ओळ टाइप करून शिफ्ट-एंटर दाबायचं. नुसतं एंटर दाबलं तर फक्त नवी ओळ येते आणि सॉफ्टवेअर बिघडलंय असं वाटतं. दुसरी ठेच गुणाकाराची. वहीत आपण २क्ष लिहितो, इथे मधे * द्यावंच लागतं.

पहिलं गणित म्हणून फर्मा या गणितज्ञाचं घ्या. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या ओळीतल्या संख्या मूळ आहेत, म्हणून पुढची ४२९४९६७२९७ हीसुद्धा मूळच असणार, असं फर्माला वाटत होतं. १७३२ साली ऑयलरने तिला ६४१ने भाग जातो हे दाखवलं. ‘फॅक्टर’ लिहून कंसात ही संख्या द्या. ६४१ गुणिले ६७००४१७ हे उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. मग १/३ + १/६ देऊन पाहा. उत्तर ०.५ नाही, १/२ येतं. मागितल्याशिवाय मॅक्झिमा अपूर्णांकाचा दशांश करत नाही, आणि कॅल्क्युलेटरपेक्षा ते वेगळं पडतं ते इथेच.

खरी गंमत इंटिग्रेशनमध्ये आहे. क्षच्या न-व्या घाताचं इंटिग्रेशन मागा. उत्तराऐवजी प्रश्न येतो: न ची किंमत उणे १ आहे का? ‘नो’ म्हटलं की पाठ असलेलं सूत्र मिळतं, ‘येस’ म्हटलं की लॉग. परीक्षेत ही अट लिहायला विसरलेल्यांना हा प्रश्न चांगलाच लागेल. तसंच क्षच्या वर्गाचं वर्गमूळ विचारा: उत्तर क्ष नव्हे, क्षचं केवल मूल्य येतं. मात्र इंटिग्रेशनच्या उत्तरात शेवटचा स्थिरांक लिहिलेला नसतो, तो आपणच धरायचा. आणि इथला ‘लॉग’ शाळेच्या कोष्टकातला १० पायाचा नाही, तो नैसर्गिक लॉगॅरिदम.

या सॉफ्टवेअरचं मूळ १९६८ साली एमआयटीत सुरू झालेल्या मॅकसिमा प्रकल्पात आहे. टेक्सास विद्यापीठातले विल्यम शेल्टर १९८२ पासून त्याची एक प्रत सांभाळत होते. १९९८ साली त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडून ती जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुली करण्याची परवानगी मिळवली. २००१ मध्ये ते वारले, पण कोड खुला असल्यामुळे इतरांनी काम पुढे नेलं. एका माणसावर टिकलेला प्रकल्प त्याच्यामागे जगला, याचं श्रेय मी परवान्याला देईन. २००५ साली विल्यम स्टाइन यांनी सुरू केलेलं सेजमॅथ हे गणिताचं सॉफ्टवेअरही आतून मॅक्झिमा वापरतं. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा थोडी येत असेल तर पुढचा मुक्काम तोच.

तोवर एक सवय लावून घ्या. इंटिग्रेशनच्या उत्तराला ‘डिफ’ (डिफरन्सिएशनची आज्ञा) लावा, त्यातून मूळ पदावली वजा करा आणि ‘रॅटसिम्प’ने सोपं रूप मागा. शून्य आलं तर उत्तर बरोबर. त्रिकोणमितीत मात्र कधीकधी शून्य असूनही ते दिसत नाही. तिथे ‘ट्रिगसिम्प’ लावून पाहा.