चरबी कशाला लागत होती?

गेल्या आठवड्यात साताऱ्यात भाच्याचा इतिहासाचा अभ्यास घेत होतो. १८५७ चा धडा. गाईची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसं (दारू आणि गोळीच्या कागदी पुड्या), ती दातांनी तोडायची, म्हणून शिपाई बिथरले. सगळं त्याला तोंडपाठ. मग म्हणाला, "मामा, पण मुळात चरबी लावायचीच कशाला?"

शाळेत हा धडा मीही घोकला होता, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. शेजारी आपशिंग्याचे निवृत्त सुभेदार राहतात, त्यांना गाठलं. ते हसले. "आमच्या गोळीला तांब्याचं कवच असायचं. चरबी-बिरबी काही नाही."

१८५७ च्या शिपायांना दिलेल्या एन्फिल्ड बंदुकीच्या गोळीला कवच नव्हतं, तिथेच उत्तर आहे. ती नुसत्या शिशाची होती, सुमारे ३४ ग्रॅमची. शिसं पाण्याच्या अकरापट जड, ३२७ अंशांना वितळतं आणि इतकं मऊ की नखाने ओरखडा उठतो. नळीच्या आत मळसूत्री आटे असतात. गोळी त्यांत रुतली तरच गिरकी घेत बाहेर पडते आणि भोवऱ्यासारखी स्थिर राहते. पण बंदूक तोंडाकडून ठासायची. गोळी नळीएवढी जाड केली तर ती ठासताना घाम निघणार, बारीक केली तर आट्यांना चाटूनही जाणार नाही.

१८४९ मध्ये क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने गोळीच्या बुडाला खळगा ठेवला. सायकलच्या पंपातलं चामड्याचं वायसर आठवा. दट्टा दाबला की हवा वाटीच्या कडा फाकवते आणि त्या नळीला घट्ट बसतात. मिनिएच्या गोळीत तेच. बार उडाला की वायू खळग्याच्या कडा बाहेर रेटतो, बारीक गोळी जागच्या जागी जाड होते आणि आट्यांत रुतते. शिसं मऊ नसतं तर हे जमलंच नसतं.

आता पंपाचं वायसर सुकलं की आपण काय करतो? तेलाचा थेंब सोडतो. चरबीचं काम त्याच जातीचं, पण थोडं जास्त. काळी बंदुकीची दारू जळते तेव्हा वजनाने निम्म्याहून अधिक भाग घनच उरतो, आणि त्याची खरखरीत खपली नळीत धरते. चार-सहा बारांनंतर पुढची गोळी आत जाईना. चरबी आणि मेण ही खपली मऊ ठेवत, शिसं नळीला फासू देत नसत.

म्हणजे चरबी हा निव्वळ धर्म बाटवायचा कट होता, असे जे संदेश फिरतात ते अर्धवट. इंग्लंडमधल्या काडतुसांनाही चरबीच लागे. चीड यावी ती जनावर कोणतं हे न विचारण्याच्या बेफिकिरीची. जानेवारी १८५७ मध्येच 'हवं ते वंगण स्वतः लावा' असं शिपायांना सांगण्यात आलं. याचा अर्थ दुसरं चालण्यासारखं होतं! पण तोवर विश्वास उडाला होता, आणि त्याच वर्षी आमच्या साताऱ्यातल्या गेंडामाळावर बंडाच्या कटासाठी सतरा जणांना मृत्युदंड झाला.

अमेरिकेतले हौशी नेमबाज आजही मॅग्नम, म्हणजे जादा जोराच्या काडतुसाच्या, रिव्हॉल्व्हरसाठी जड शिशाच्या गोळ्या घरी ओततात. (आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा गुन्हा आहे.) त्यांच्या गोळीवर आडव्या खाचा असतात आणि त्यांत मधमाशीच्या मेणाचं वंगण. १९५५ च्या .४४ मॅग्नममध्ये दाब हवेच्या सुमारे अडीच हजार पट जातो, वेग सेकंदाला ४०० मीटर. इथे शुद्ध शिसं टिकत नाही, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी नावाचा ठिसूळ धातू घालतात.

हा मिश्रधातू सांगलीच्या जुन्या छापखान्यांत काम केलेल्यांच्या ओळखीचा आहे. जुळारी छपाईसाठी अक्षरांचे जे खिळे जुळवायचे, ते याच तिघांचे. लायनोटाइपच्या (अख्खी ओळ एकदम ओतणाऱ्या यंत्राच्या) धातूत ८४ टक्के शिसं, १२ टक्के अँटिमनी, ४ टक्के कथील. हे मिश्रण एका झटक्यात, साधारण २४० अंशांना गोठतं. अँटिमनीचे कठीण स्फटिक मऊ शिशात विखुरतात आणि शिशाचे थर एकमेकांवरून घसरायला अडवतात. (इथे भाचा उठून क्रिकेट खेळायला गेला.)

मग गोळी जितकी कठीण तितकी चांगली? नवशिके असंच समजतात, आणि नळीत शिसं साचलं की घर्षणाने गोळी वितळली म्हणतात. पण गोळी नळीत असते जेमतेम हजारावा भाग सेकंद. तेवढ्यात ती आतपर्यंत तापत नाही. दोष बहुधा फटीचा असतो. नळीपेक्षा किंचित बारीक आणि वर कठीण गोळी फाकत नाही, मग कडेने तापलेला वायू सुसाट निसटतो, शिसं ओरबाडतो आणि पुढे नळीवर फासतो. म्हणून काही जण बुडाला तांब्याची चिमुकली वाटी बसवतात. सुभेदारांच्या गोळीला अख्खं कवच होतं, इथे फक्त बुडाला टोपी.

भाचा परतल्यावर माझ्याकडचा एक जुना खिळा आणि मासे पकडायच्या गळाचं शिसं त्याच्या हातात दिलं. दोन्हींवर नख ओढून बघितलं त्याने. गळाच्या शिशावर चरा उठला, खिळ्यावर काही नाही. मी मात्र त्याला आधी हात धुवायला पाठवलं, शिसं पोटात जायला नको.