लिस्पमध्ये स्वतःची छोटी भाषा कशी घडते

लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोड पहिल्यांदा पाहणाऱ्याला आधी कंस खटकतात. बेरीज सुद्धा (+ २ ३) अशी लिहायची, म्हणजे क्रिया आधी आणि आकडे नंतर. हे कंस योगायोगाने टिकले. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं, तेव्हा कंसातल्या याद्या ही फक्त माहिती मांडायची पद्धत होती. प्रोग्रॅम लिहिण्यासाठी वेगळी, गणितासारखी दिसणारी लिपी यायची होती. पण १९६० च्या शोधनिबंधात मॅकार्थींनी लिस्पचा अर्थ लावणारं 'इव्हल' हे फंक्शन लिस्पमध्येच मांडलं, स्टीव्ह रसेल यांनी ते आयबीएम ७०४ या यंत्रावर उतरवलं, आणि लोक थेट याद्यांमध्येच प्रोग्रॅम लिहू लागले. दुसरी लिपी मागे पडली.

त्याचा परिणाम फार मोठा झाला. (+ २ ३) हा चालवता येणारा कोड आहे आणि तीन घटकांची साधी यादीही आहे. यादी तोडता येते, जोडता येते, तिच्यातला एखादा घटक बदलता येतो. म्हणजे प्रोग्रॅमवर काम करणारा प्रोग्रॅम लिहायला वेगळं कोणतंही साधन लागत नाही. १९६३ मध्ये टिमोथी हार्ट यांनी लिस्पमध्ये मॅक्रो आणायचा प्रस्ताव मांडला, तो याच पायावर.

मॅक्रो दिसतो फंक्शनसारखा, पण चालतो वेगळ्या वेळी. फंक्शनला हाक मारली की त्याचे सगळे घटक आधी मोजले जातात आणि मग उत्तरं आत जातात. मॅक्रोला मात्र घटक न मोजता, जसे लिहिलेत तसे, यादीच्या रूपात मिळतात. तो त्यातून नवी यादी बनवून परत देतो आणि कंपाइलर (प्रोग्रॅम चालवण्याआधी तो यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) मूळ ओळीच्या जागी ती यादी ठेवून पुढे जातो. (खालची उदाहरणं कॉमन लिस्प या लिस्पच्या एका बोलीच्या धाटणीची आहेत. वाचायला सोपं जावं म्हणून मूळ शब्द आणि अंक देवनागरीत दिले आहेत. यंत्रावर चालवताना ते रोमन लिपीत लिहावे लागतात. आपण ठेवलेली नावं मात्र बऱ्याच लिस्पमध्ये देवनागरीतही चालतात.)

```
(डिफमॅक्रो नसेल-तर (अट काम)
  `(इफ ,अट निल ,काम))

(नसेल-तर (= क ०) (/ १०० क))
```

'नसेल-तर' हे फंक्शन असतं, तर क शून्य असताना भागाकार आधीच मोजला गेला असता आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळला असता. मॅक्रो असल्यामुळे कंपाइलरला प्रत्यक्षात (इफ (= क ०) निल (/ १०० क)) दिसतं, म्हणजे अट खरी असेल तर 'निल' (काहीच नाही), नाहीतर भागाकार; आणि भागाकार गरज असेल तेव्हाच होतो. उलटं अवतरण म्हणजे बॅककोट, 'हा साचा जसाच्या तसा ठेव' असं सांगतो. स्वल्पविराम म्हणतो 'इथे किंमत भर'. स्वल्पविरामापुढे @ आला, तर यादीचे कंस काढून तिचे घटक साच्यात ओतले जातात. लेखनाची एवढी तीन चिन्हं कळली की बहुतेक मॅक्रो वाचता येतात.

आता चुका कुठे होतात ते. पहिली चूक म्हणजे एकच घटक दोनदा मोजला जाणं. एखाद्याने वर्ग काढणारा मॅक्रो `(* ,क्ष ,क्ष) असा लिहिला. (वर्ग ५) ठीक चालतं. पण (वर्ग (पुढचा-आकडा)) लिहिलं की विस्तारात (पुढचा-आकडा) दोन वेळा येतो. त्या फंक्शनने आधी ३ आणि मग ४ दिला, तर उत्तर ९ ऐवजी १२ येतं. घटक एकदाच मोजून चलात (किंमत ठेवणाऱ्या नावात) ठेवणं हा उपाय. खरं तर वर्गासाठी मॅक्रो लिहूच नये. जिथे घटक न मोजता हवे आहेत किंवा नवी नावं बांधायची आहेत, तिथेच मॅक्रोला काम आहे. शिवाय मॅक्रो 'मॅपकार'सारख्या, म्हणजे यादीतल्या प्रत्येक घटकावर दिलेलं फंक्शन चालवणाऱ्या, फंक्शनच्या हाती देता येत नाही. फंक्शन देता येतं.

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती आवाज न करता होते. (खाली 'लेट' नवं चल बांधतं, 'सेटक्यू' चलात किंमत ठेवतं.)

```
(डिफमॅक्रो अदलाबदल (अ ब)
  `(लेट ((तात्पुरता ,अ))
     (सेटक्यू ,अ ,ब)
     (सेटक्यू ,ब तात्पुरता)))
```

(अदलाबदल प फ) बरोबर चालतं. पण कोणी (अदलाबदल तात्पुरता फ) लिहिलं, तर मॅक्रोच्या आतलं नाव आणि वापरणाऱ्याचं नाव एकच होतं. विस्तार हातानं लिहून पाहा: आतला 'तात्पुरता' बाहेरच्याला झाकतो, त्यात फ ची किंमत येते, आणि तीच किंमत परत फ मध्ये जाते. बाहेरचं काहीच बदलत नाही, एररही येत नाही. याला चल-हरण म्हणता येईल. उपाय 'जेनसिम': दर वेळी कुणाशीच न जुळणारं ताजं चिन्ह (म्हणजे लिस्पमधलं नाव) तयार करणारं फंक्शन.

```
(डिफमॅक्रो अदलाबदल (अ ब)
  (लेट ((त (जेनसिम)))
    `(लेट ((,त ,अ))
       (सेटक्यू ,अ ,ब)
       (सेटक्यू ,ब ,त))))
```

१९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलाइसन आणि डुबा यांनी हे काम यंत्रावरच सोपवायची पद्धत मांडली. तिला 'हायजेनिक' म्हणजे स्वच्छ मॅक्रो म्हणतात. स्कीम आणि रॅकेट या लिस्पच्या बोलींमध्ये आतली आणि बाहेरची नावं आपोआप वेगळी राहतात. क्लोजर या दुसऱ्या बोलीत बॅककोटच्या आत नावाच्या शेवटी # लावलं की ताजं चिन्ह मिळतं. कॉमन लिस्पमध्ये मात्र जेनसिमची आठवण आपणच ठेवायची.

मॅक्रोची खरी ताकद दिसते ती छोट्या भाषेत, म्हणजे एकाच विषयासाठी घडवलेल्या भाषेत. एखाद्या दाराच्या स्थिती आणि त्यांतले बदल लिहायचे आहेत असं समजू. आधी मॅक्रो लिहायचा नाही; आपल्याला कसं लिहायला आवडेल, ते लिहायचं:

```
(स्थितियंत्र दार
  (बंद (ढकल उघडे) (कुलूप-लाव कुलूपबंद))
  (उघडे (ओढ बंद))
  (कुलूपबंद (किल्ली-फिरव बंद)))
```

मग याचा विस्तार काय व्हायला हवा, तो हाताने पूर्ण लिहून चालवून पाहायचा. इथे तो 'दार' नावाचं फंक्शन होईल: स्थिती आणि घटना घेणारं, आत दोन पातळ्यांचा 'केस' (किंमत पाहून वाट निवडणारी रचना) असणारं, नवी स्थिती परत देणारं. मॅक्रो लिहायचा तो या दोन मजकुरांमधला पूल म्हणून.

```
(डिफमॅक्रो स्थितियंत्र (नाव &रेस्ट ओळी)
  (ओळी-तपास ओळी)
  `(डिफन ,नाव (स्थिती घटना)
     (केस स्थिती
       ,@(मॅपकार #'ओळ-उलगड ओळी))))
```

'ओळ-उलगड' हे साधं फंक्शन एका ओळीचा 'केस'मधला एक भाग बनवतं. त्यात एक बारकावा पाळावा: स्थितीचं नाव कंसात ठेवावं, (बंद) असं. 'केस'मध्ये 'निल', 'टी' आणि 'अदरवाइज' या नावांना खास अर्थ आहे. कुणी स्थितीला त्यातलं नाव दिलं आणि कंस नसला, तर ती ओळ एक तर कधीच जुळणार नाही किंवा सगळ्यालाच जुळेल.

पण या भाषेचा आत्मा 'ओळी-तपास'मध्ये आहे.

```
(डिफन ओळी-तपास (ओळी)
  (लेट ((नावे (मॅपकार #'फर्स्ट ओळी)))
    (डोलिस्ट (ओळ ओळी)
      (डोलिस्ट (बदल (रेस्ट ओळ))
        (अनलेस (मेंबर (सेकंड बदल) नावे)
          (एरर "~अ ही स्थिती कुठेच दिलेली नाही"
               (सेकंड बदल)))))))
```

कुणी 'कुलूपबंद'च्या जागी 'कुलुपबंद' टंकलं, तर ही चूक कंपाइल करतानाच कळते, आणि संदेश दाराच्या भाषेत येतो. जिथे कधीच पोचता येत नाही अशी स्थिती, एकाच घटनेला दिलेली दोन उत्तरं, हेही इथेच पकडता येतं. फक्त टंकणं वाचवणारा मॅक्रो फारसा कामाचा नसतो. विषयाचे नियम तपासणारा मॅक्रो जपून ठेवण्यासारखा असतो.

'ओळ-उलगड' आणि 'ओळी-तपास' ही दोन्ही फंक्शनं कंपाइल होत असतानाच चालतात. ती मॅक्रोसोबत एकाच फाइलमध्ये ठेवली आणि मॅक्रो त्याच फाइलमध्ये वापरला, तर फाइल कंपाइल करताना 'फंक्शन सापडत नाही' अशी एरर येते. नवशिका इथे हमखास अडतो, कारण ओळी एकेक करून चालवून पाहिल्या तेव्हा सगळं ठीक होतं. ती 'इव्हल-व्हेन'मध्ये ('हे कंपाइल करतानाही चालव' असं सांगणारी रचना) गुंडाळावीत किंवा आधी लोड होणाऱ्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवावीत. रॅकेटमध्ये कंपाइल होतानाचं आणि चालतानाचं काम यांतला हाच भेद 'फेज' म्हणून भाषेतच बांधलेला आहे. तिथे फाइलची पहिली ओळ '#लँग' कोणती भाषा हे ठरवते, आणि टाइप्ड रॅकेट किंवा दस्तऐवज लिहायची स्क्रिबल या भाषा त्याच मार्गाने उभ्या आहेत.

काही बिघडलं की आधी 'मॅक्रोएक्सपँड-१' चालवावं. ते एकच पायरी उलगडून विस्तार दाखवतं, आणि चूक बहुधा तिथेच दिसते. विस्तार बरोबर असूनही वागणूक जुनीच असेल, तर मॅक्रो बदलल्यानंतर तो वापरणाऱ्या फाइली पुन्हा कंपाइल केल्या का ते पाहावं. त्यांच्यात जुना विस्तार आधीच बसलेला असतो.

आणि कुणी (स्थितियंत्र दार माझ्या-ओळी) लिहिलं, तर मॅक्रोला त्या चलातली यादी मिळत नाही, 'माझ्या-ओळी' हे चिन्ह मिळतं. ओळी प्रोग्रॅम चालू असताना फाइलमधून येणार असतील, तर मॅक्रो उपयोगाचा नाही. तिथे तक्ता घेऊन पुढची स्थिती शोधणारं साधं फंक्शन लिहावं. म्हणून तपासणी आधीपासून वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवलेली बरी: तेच 'ओळी-तपास' मग दोन्हीकडे वापरता येतं.