शातो द'इकेम : वाइन आणि तिच्या जोडीचे पदार्थ

शातो द'इकेम हा फ्रान्समधील बोर्दो शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर, सोतेर्न गावाच्या हद्दीत असलेला द्राक्षमळा आणि वाइननिर्मितीचे घराणे. इथली सोनेरी गोड वाइन जगातल्या सर्वांत नावाजलेल्या पांढऱ्या वाइनपैकी एक मानली जाते. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या आदेशावरून बोर्दोच्या वाइनची प्रतवारी ठरली. त्या यादीत 'प्रीमिए क्र्यू सुपेरिअर' ही सर्वोच्च श्रेणी एकट्या इकेमला मिळाली. लाफित, लातूर, मार्गो या प्रख्यात तांबड्या वाइनही तिच्या एक पायरी खाली होत्या.

गोड म्हटल्यावर ही वाइन जेवण संपल्यावर मिठाईबरोबर प्यायची, अशी समजूत सर्वत्र आहे. ती अपुरी आहे, आणि त्या समजुतीपायी या वाइनवर अन्याय होतो. इकेमची खरी जोडी खारट, तुपकट आणि मंद आचेवर भाजलेल्या पदार्थांशी जमते. असे का, हे समजायला आधी बागेत जावे लागते.

गारोन नदीच्या डाव्या तीरावरच्या एका टेकडीच्या माथ्यावर हा मळा पसरला आहे. क्षेत्र साधारण ११३ हेक्टर, त्यातले सुमारे १०० उत्पादनाखाली. वर खडेगोटे, खाली चिकणमाती. चिकणमातीत पाणी साचून मुळे कुजू नयेत म्हणून एकोणिसाव्या शतकात जमिनीखाली मातीचे नळ टाकले गेले. त्यांची एकूण लांबी १०० किलोमीटरच्या घरात जाते. पण मळ्याचे भाग्य मातीपेक्षा पाण्याने घडवले. लांद भागातल्या जंगलातून, झाडांच्या सावलीतून वाहत येणारी सिरों ही छोटी नदी थंड असते आणि गारोन तिच्यापेक्षा उबदार. शरद ऋतूत सिरोंचे गार पाणी गारोनला मिळते तिथे पहाटे धुके उठते, ते टेकड्यांवर चढते आणि दुपारच्या उन्हाने विरते. सकाळी ओल, दुपारी कोरडे ऊन : बोट्रायटिस सिनेरिया या बुरशीला नेमके हेच मानवते.

नाशिकच्या निर्यातदार बागायतदाराला ही बुरशी वैरी म्हणून ठाऊक आहे. पेटीत द्राक्षांवर गंधक वायू सोडणारे 'ग्रेप गार्ड'चे कागद ठेवतात, ते मुख्यत्वे हिच्याच भीतीने. पावसाळी हवेत ती सोतेर्नमध्येही घड सडवून टाकते. मात्र पिकलेल्या, धड सालीच्या मण्यावर ती धुके-उन्हाच्या लयीत वाढली, तर परिणाम वेगळा होतो. सोनेरी मण्यावर आधी तपकिरी ठिपके उमटतात. मग अख्खा मणी जांभळट-तपकिरी होतो, साल इतकी पातळ होते की बोट लावले तरी फाटावी. शेवटी तो सुरकुततो आणि त्याच्यावर राखाडी लव येते. बुरशीचे तंतू सालीला सूक्ष्म छिद्रे पाडतात, त्यांतून पाणी उडून जाते आणि साखर व सुगंधद्रव्ये घट्ट होत जातात. बुरशी स्वतः साखर आणि आम्ल दोन्ही खाते, ग्लिसरॉल तयार करते. वाइन जिभेवर रेशमी, जडसर लागते त्यात या ग्लिसरॉलचा वाटा आहे. फ्रेंच बागायतदार या अवस्थेला 'पूरित्यूर नोब्ल', म्हणजे उमदी कूज म्हणतात.

सारे मणी एकाच दिवशी या अवस्थेला पोचत नाहीत. एकाच घडात एक मणी तयार, शेजारचा अजून टणक. त्यामुळे काढणी यंत्राने होऊच शकत नाही. सुमारे दीडशे माणसे सप्टेंबरपासून कधीकधी नोव्हेंबरपर्यंत त्याच ओळींतून पुन्हा पुन्हा फिरतात आणि दर फेरीत फक्त तयार मणी किंवा घडाचा तयार भाग कात्रीने काढतात. पाच-सहा फेऱ्या नेहमीच्याच. एका वेलीतून शेवटी पेलाभर वाइन निघते, असे इथे म्हणतात, आणि आकडेही तेच सांगतात : हेक्टरी उतारा सरासरी ९ हेक्टोलिटर (म्हणजे ९०० लिटर), तर सोतेर्नच्या नियमांनी २५ पर्यंत मुभा आहे.

रस काढतानाही नेहमीचा हिशोब उलटतो. सर्वसाधारण वाइनमध्ये पहिल्या दाबाचा रस उत्तम. इथे मात्र सुकलेल्या मण्यांतला सर्वांत गोड अर्क दुसऱ्या-तिसऱ्या दाबात सुटतो. रस ओकच्या नव्या पिंपांत आंबतो. मद्यार्क १३.५ ते १४ टक्क्यांवर पोचला की यीस्ट थकते आणि लिटरमागे साधारण १२० ते १५० ग्रॅम साखर शिल्लक राहते. पूर्वी वाइन साडेतीन वर्षे पिंपात मुरे. आता मुदत त्याहून बरीच कमी केली आहे. द्राक्षे दोन जातींची : तीन चतुर्थांशाहून अधिक सेमियों, बाकी सोव्हिन्यों ब्लां. सेमियोंची पातळ साल बुरशीला सहज वाट देते आणि वाइनला अंग देते, सोव्हिन्यों ताजेपणा आणि आंबट धार आणते.

मनासारखी वाइन झाली नाही, तर इकेमच्या नावाने बाटली भरली जात नाही. १९१०, १९१५, १९३०, १९५१, १९५२, १९६४, १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या वर्षांची इकेम अस्तित्वातच नाही. एवढ्या मजुरीवर पाणी सोडण्याची तयारी फार थोड्या घराण्यांनी दाखवली आहे, आणि इकेमच्या नावाला तिच्या किमतीइतकाच या रिकाम्या वर्षांचाही आधार आहे.

मध्ययुगात हा प्रदेश इंग्लंडच्या राजांकडे होता, १४५३ मध्ये तो फ्रान्सकडे परतला. १५९३ मध्ये झाक सोव्हाज यांना इकेमच्या जमिनीचे हक्क मिळाले. १७८५ मध्ये या घरातल्या फ्रांस्वाझ-झोझेफिन यांचा विवाह लुई-आमेदे द ल्यूर-साल्यूस यांच्याशी झाला आणि तीनच वर्षांत त्या विधवा झाल्या. फ्रेंच राज्यक्रांतीत तुरुंगवास भोगूनही त्यांनी मळा हातचा जाऊ दिला नाही. १८२६ मध्ये त्यांनी वाइनसाठी स्वतंत्र कोठार बांधले, आणि १८५१ मध्ये मृत्यू येईपर्यंत कारभार पाहिला. इकेमचे आजचे रूप त्यांनी घडवले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. अमेरिकेचे फ्रान्समधील राजदूत थॉमस जेफरसन १७८७ मध्ये बोर्दोला आले होते. इकेमची १७८४ ची वाइन त्यांनी स्वतःसाठी मागवली आणि पुढे जॉर्ज वॉशिंग्टन यांच्यासाठीही ३० डझन बाटल्यांची मागणी नोंदवली. १८५९ मध्ये रशियाचे ग्रँड ड्यूक कॉन्स्टंटिन यांनी १८४७ सालच्या वाइनच्या चार पिंपांसाठी २०,००० सुवर्ण फ्रँक मोजले. १८११ ची एक बाटली २०११ मध्ये लंडनमध्ये ७५,००० पौंडांना गेली. पहिल्या महायुद्धात वाड्याचे लष्करी रुग्णालय झाले होते. १९६८ पासून आलेक्सांद्र द ल्यूर-साल्यूस यांनी मळा सांभाळला. कुटुंबातल्या दीर्घ वादानंतर १९९९ मध्ये मालकी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे गेली, २००४ पासून पिएर ल्यूर्तों यांनी सूत्रे घेतली. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरीची शांदों ही फसफसत्या वाइनची वायनरी याच समूहाची.

आता ताटाकडे. जून १८६७ मध्ये पॅरिसच्या कॅफे आंग्लेमध्ये रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर, त्याचा युवराज आणि प्रशियाचा राजा विल्हेल्म यांची मेजवानी झाली. 'तीन सम्राटांचे भोजन' म्हणून ती इतिहासात नोंदली गेली. तिथल्या वाइनच्या यादीत मादेइरा आणि शेरीनंतर १८४७ ची इकेम आहे, आणि तिच्यानंतर शांबेर्तां, मार्गो, लातूर, लाफित या तांबड्या वाइन. त्या काळी गोड सोतेर्न जेवणाच्या पूर्वार्धात, माशांच्या पदार्थांबरोबर देण्याची रीत होती. जेवणाच्या शेवटी तिची जागा पक्की झाली ती नंतर.

जुनी रीत शहाणपणाची होती. इकेममध्ये साखर भरपूर असली तरी तिच्यात आंबट धार आणि शेवटी किंचित कडवटपणा असतो. मीठ या गोडीला उठाव देते, आंबटपणा स्निग्धता कापतो. याउलट वाइनपेक्षा गोड पदार्थ समोर आला की तिची गोडी झाकोळते आणि फक्त आंबट-कडू उरते. श्रीखंड किंवा गुलाबजाम खाऊन घेतलेला घोट नेमका असाच पडेल.

फोआ ग्रा म्हणजे बदकाचे किंवा हंसाचे चारून फुगवलेले यकृत. तो शेजारच्या गास्कोन्यू प्रांताचा खास पदार्थ आणि इकेमची सर्वांत प्रसिद्ध जोडी. अर्धवट शिजवून थंड केलेला काप भाजलेल्या ब्रिऑशवर (लोणी-अंड्याच्या मऊ पावावर) ठेवतात, वर जाडे मीठ आणि मिरपूड. यकृताची चरबी टाळूला चिकटते, वाइन ती उचलून नेते आणि मागे जर्दाळू-मधाचा वास ठेवते. तव्यावर परतलेल्या गरम कापाबरोबर सफरचंद किंवा अंजीर देतात, तेही शोभते. अडचण एकच : जेवणाच्या आरंभीच गोड घोट घेतला तर भूक मंदावते. म्हणून पेला लहान भरावा आणि पुढच्या पदार्थाआधी थोडे थांबावे. पक्ष्यांना नळीने सक्तीने चारण्याच्या क्रूर पद्धतीमुळे हा पदार्थ वादग्रस्त आहे, आणि भारताने २०१४ मध्ये त्याच्या आयातीवर बंदी घातली. या वाइनसाठी त्याची गरजही नाही.

कारण दुसरी जोडी तितकीच थोर आहे : रोकफोर. मेंढीच्या कच्च्या दुधाचे हे निळ्या बुरशीचे चीज आव्हेरों भागातल्या कोंबालू डोंगराच्या गुहांत मुरते. ते खारट, झोंबरे आणि लोण्यासारखे मऊ असते. इकेम कोवळी, म्हणजे दहा-बारा वर्षांच्या आतली असेल तेव्हा हे चीज घ्यावे, कारण तेव्हा तिच्यात रोकफोरला पुरून उरण्याइतका जोर असतो. वीस-तीस वर्षांच्या इकेमपुढे ते दांडगाई करते. तिच्यासोबत फूर्म दांबेर हे सौम्य निळे चीज किंवा चांगले मुरलेले कोंते चीज बरे.

जुन्या इकेमचा स्वभाव निराळा असतो. रंग पिवळ्यावरून अंबरासारखा होतो, फळांचा वास मागे पडून केशर, सुकी संत्र्याची साल, अक्रोड, जळत्या साखरेचा वास पुढे येतो. या वासामागे सोटोलोन नावाचा रेणू आहे. बोट्रायटिस लागलेल्या वाइनमध्ये तो आढळतो आणि वयाबरोबर वाढतो. मेथीदाण्याचा ओळखीचा वास मुख्यतः त्याच रेणूचा. त्यामुळे केशर, मेथी, आले यांचा बेताचा मसाला घातलेल्या सायीच्या रश्शातली कोळंबी किंवा शेवंडे या वाइनला परकी वाटत नाहीत. थोड्या तिखटालाही गोडी सावरून घेते, मात्र जाळ तिखट पदार्थ तिचे बारकावे पुसून टाकतो.

लोण्यात भाजलेली अख्खी कोंबडी हीच जुन्या इकेमची सर्वोत्तम सोबत, असे आवर्जून म्हणावेसे वाटते. कातडी खरपूस, भांड्याच्या तळाशी उतरलेला खारट-गोडसर रस, जमल्यास मोरेल अळंबी. या पदार्थात वाइनशी स्पर्धा करणारे काही नसते आणि जळत्या साखरेचा वास दोन्हीकडे सापडतो. सायीतला तुर्बो मासा, स्कॅलप (एक प्रकारचे शिंपले), संत्र्याच्या सॉसमधले बदकही चालते. बोर्दोच्या किनाऱ्यावरची कच्ची कालवे आणि सोतेर्न ही जोडी ऐकायला विचित्र, पण समुद्राचे मीठ आणि वाइनची गोडी एकमेकांना ओढतात.

गोड पदार्थच हवा असेल तर तो वाइनपेक्षा कमी गोड आणि थोडा आंबट असावा : जर्दाळूचा किंवा सफरचंदाचा टार्ट, बदामाचा साधा केक, भाजलेला अननस. क्रेम ब्र्यूले, म्हणजे वर जळक्या साखरेचा थर असलेले कस्टर्ड, जुन्या बाटलीशी जमते. चॉकलेट टाळावे, त्याचा कडूपणा आणि दाट लेप वाइन बुजवून टाकतो.

याच मळ्यात 'इग्रेक' नावाची पांढरी वाइनही होते. ती १९५९ मध्ये सुरू झाली, आधी अधूनमधून आणि २००४ पासून दरवर्षी निघते. तिच्यात सोव्हिन्यों अधिक, गोडी नाममात्र. सोतेर्न हे नाव गोड वाइनपुरतेच राखलेले असल्याने तिच्या बाटलीवर फक्त 'बोर्दो' लिहिलेले असते. खेकडा, स्कॅलप, लिंबू-लोण्यातला मासा, शेळीच्या दुधाचे चीज यांच्यासोबत ती घ्यावी.

इकेम १० ते १२ अंश सेल्सिअसला वाढावी. फार थंड केली तर सुगंध मिटून जातो. जुनी बाटली थोडी कमी थंड असावी. माणशी ६० ते ७५ मिलिलिटर पुष्कळ होते, त्यामुळे ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली पाच-सहा जणांना पुरते. साखर आणि आम्लामुळे उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकते.

इकेमची किंमत बहुतेकांच्या आवाक्याबाहेरची आहे. पण सोतेर्न नावावर हक्क असलेल्या सोतेर्न, बार्साक, बोम, फार्ग आणि प्रेन्याक या पाच गावांत सुदिरो, रियसेक, गिरो, कुते यांसारखी जुनी घराणी त्याच धुक्यात, त्याच बुरशीने वाइन करतात. कुतेसारख्या बार्साकच्या वाइन अंगाने हलक्या आणि अधिक आंबट असतात, म्हणून मासे आणि कालवांसाठी त्या अधिक सोयीच्या.