ते मशरूम नाही आणि बी पण नाही

आमच्या अमळनेरात माझ्या ओळखीच्या तीन-चार घरांत आता केफिर, म्हणजे 'केफिरचे दाणे' टाकून आंबवलेलं दूध, लागतं आणि त्यातल्या दोन घरांत त्या दाण्यांना 'तिबेटी मशरूम' म्हणतात. एका काकूंनी तर दाणे हातात घेऊन मला विचारलं, हे कुंडीत लावायचं का रे? त्यांची चूक नाही, नावातच 'दाणे' आहे आणि दिसायला फुलकोबीच्या तुऱ्यासारखे, पांढरट पिवळसर, दाबले की रबरासारखे लागतात. पण ते मशरूम नाही, बी नाही, वनस्पतीशी त्याचा काही संबंधच नाही. बॅक्टेरिया आणि यीस्ट यांनी स्वतःच बनवलेल्या डिंकासारख्या चिकट पदार्थात केलेली ती वस्ती आहे. हे दुधात टाकून ठेवायचं, दूध आंबलं की गाळायचं, दाणे परत नव्या दुधात. चव म्हणाल तर आंबट ताकात थोडा सोडा फसफसवला तर कशी लागेल तशी.

माझं कृषी केंद्र आहे आणि शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, त्यामुळे रायझोबियम, ट्रायकोडर्मा अशा शेतीला उपयोगी बॅक्टेरिया-बुरशीची पाकिटं विकताना प्रत्येकाला सांगतो की दादा हे जिवंत आहे, गाडीच्या डिक्कीत उन्हात ठेवू नको, मेलं तर पैसे वाया. आणि मागच्या मे महिन्यात हाच शहाणा माणूस काय करतो, तर पुण्याहून बहिणीने ट्रॅव्हल्सने पाठवलेले दाणे अर्धा लिटर म्हशीच्या दुधात टाकून सकाळी आठला ओट्यावर ठेवतो आणि दुकानात निघून जातो. ताईने सांगितलं होतं चोवीस तास. दुपारी तीनला जेवायला आलो तर बरणीत वर घट्ट गोळा, खाली हिरवट पिवळं पाणी, आणि आई म्हणते, "भाऊ, दही बिघडी गयं तुनं." मी म्हटलं हे दही नाही, असंच असतं. पाचव्या दिवशी दाणे बोटाला चिकटायला लागले, जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखे, आणि गाळणीतून अर्धे खालीच गेले. मग मात्र बसून वाचलं, आणि जे कळलं ते मला एवढं आवडलं की दाणे मेल्याचं दुःख निम्मं झालं.

आपल्या विरजणात चमचाभर दही घेतो, त्यातले बॅक्टेरिया दुधात पसरतात, दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज खाऊन लॅक्टिक आम्ल बनवतात, पीएच ६.६ वरून ४.६ च्या आसपास आला की केसिन नावाचं प्रोटीन गोठतं आणि दही लागतं. हे शाळेत झालेलं आहे. यात बॅक्टेरियाला घर नसतं, सगळे मोकळे पोहत असतात. केफिरमध्ये घर असतं. त्या घराच्या भिंती केफिरान नावाच्या पदार्थाच्या, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांच्या लांबलचक साखळ्या, आणि त्यात दुधातलं थोडं प्रोटीन अडकलेलं, बाकी बहुतेक सगळं पाणीच. ही भिंत बांधणारा गवंडी म्हणजे लॅक्टोबॅसिलस केफिरानोफेसियन्स नावाचा बॅक्टेरिया. नावातच 'केफिरान बनवणारा' असं आहे, १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी हे नाव दिलं.

आता गंमत बघा. हा गवंडी दाण्यात सगळ्यात जास्त संख्येने असतो, पण नुसत्या दुधात एकट्याला सोडला तर त्याला नीट वाढताच येत नाही. दूध हे त्याचं अन्नच नाही म्हणायला हरकत नाही. २०२१ मध्ये 'नेचर मायक्रोबायोलॉजी'त युरोपमधल्या एका टीमचं काम आलं होतं, त्यांनी दुधात कोण कधी वाढतो हे तासातासाने मोजलं. दूध एकदम सगळ्यांच्या ताब्यात जात नाही, पाळीपाळीने जातं. आधी येणारे दुधातलं प्रोटीन तोडून अमिनो आम्लं मोकळी करतात, लॅक्टिक आम्ल सोडतात, आणि त्या उरल्यासुरल्यावर मागून येणारे जगतात. आणि एवढं सगळं दुधात घडत असताना दाणा फक्त वजनाने वाढतो, त्याच्या आतलं कोण किती हे प्रमाण जवळपास तेच राहतं. म्हणजे दुधात बाजार भरतो आणि उठतो, घर मात्र जसंच्या तसं.

त्यातही मला सगळ्यात भारी वाटते ती यीस्टची भानगड. दाण्यात साधारण दोन प्रकारची यीस्ट असतात. एक क्लुइव्हेरोमायसिस, हिला लॅक्टोज खाता येतं, ती त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करते, म्हणून फसफस. दुसरी सॅकरोमायसिस, म्हणजे पाव फुगवणारी आपली नेहमीची, हिला लॅक्टोज अजिबात जमत नाही, पेशीच्या आत घ्यायची सोय नाही आणि तोडायचं एन्झाइम पण नाही. मग ती दुधात उपाशी का मरत नाही? कारण ती इतरांनी तोडलेल्या साखरेचे तुकडे खाते आणि वर लॅक्टिक आम्लही खाते. आणि इथेच चक्र पूर्ण होतं, कारण आम्ल साठत गेलं की गवंड्याचं काम थांबतं, त्याने स्वतः केलेलंच आम्ल त्याला जड होतं. जपानमध्ये प्रयोग करून बघितलं आहे, केफिरानोफेसियन्स एकटा ठेवला तर केफिरान कमी, शेजारी सॅकरोमायसिस ठेवली तर केफिरान जास्त, कारण ती आम्ल उचलून नेते. म्हणजे जिला दुधातली मुख्य साखर खाताच येत नाही ती बाई घरातला कचरा काढते, आणि म्हणून भिंत चढते. शिवाय अ‍ॅसिटोबॅक्टर आहे, तो क्लुइव्हेरोमायसिसचं अल्कोहोल घेऊन व्हिनेगर करतो, त्याला ऑक्सिजन लागतो म्हणून... बरं, राहू दे, एवढ्यात बायको म्हणाली की लोकांना फक्त बरणी कुठे ठेवायची ते सांग.

सांगतो. पण आधी हे लक्षात घ्या की आपण एक जीव सांभाळत नसून तोल सांभाळतोय, आणि तो तोल तापमानावर आहे. केफिर मुळात कॉकेशस पर्वतातलं, कराचाई, बाल्कर, ओसेशियन लोक बकरीच्या कातड्याच्या मशकीत दूध आंबवायचे, तिथलं हवामान थंड. दाण्यांना २० ते २५ डिग्री मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ ला टेकतं आणि ओट्यावर दुपारी ३८-३९ सहज असतं. तापमान दहा डिग्री वाढलं की अशा क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, म्हणजे २२ ला जे चोवीस तासांत होतं ते ३८ ला सात-आठ तासांत. माझं तीनला दूध फाटलेलं होतं ते याच हिशोबाने. पण नुसता वेग वाढला असता तर लवकर गाळून भागलं असतं. अडचण ही की सगळ्यांचा वेग सारखा वाढत नाही. क्लुइव्हेरोमायसिसला चाळिशीचं काही वाटत नाही, पण आपला गवंडी तिशीच्या आसपास खूश असतो आणि सॅकरोमायसिस पण उन्हात ढेपाळते. मग आम्ल भसाभस वाढतं, उचलणारं कोणी नाही, नवीन भिंत थांबते आणि जुनी सैल पडते. आपल्याकडच्या धाब्याच्या घरांसारखं आहे, दरवर्षी पावसाळ्याआधी वर माती टाकली नाही तर घर एकदम पडत नाही, आधी गळायला लागतं.

म्हणून उन्हाळ्यात दाणे कमी आणि दूध जास्त. अर्धा लिटरला एक चमचा पुरतो, दोन टाकायचे नाहीत. दूध उकळून पूर्ण गार करून, साय काढून, कारण म्हशीच्या दुधाची साय दाण्यावर बसते आणि धुवायचा मोह होतो. धुवायचे नाहीत. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांच्याच जिवावर उठतं, आणि गरम पाणी तर नकोच नको, लॅबमध्ये केफिरान काढायचं असेल तर दाणे गरम पाण्यातच विरघळवतात.

आणि बरणीला ओलं फडकं. हा उपाय मी आमच्या माठाकडे बघून केला. बरणी परातीत, परातीत दोन बोटं पाणी, बरणीभोवती सुती फडकं, त्याचं टोक पाण्यात. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० जूल उष्णता लागते आणि एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने गार करायला फक्त ४.२ जूल काढावे लागतात, म्हणजे एक ग्रॅम पाणी उडालं की जवळपास पावणेसहाशे ग्रॅम पाणी एक डिग्रीने उतरतं. आपला उन्हाळा कोरडा आहे म्हणून हे चालतं, कोकणात असतो तर फडकं नुसतं ओलंच राहिलं असतं. माझ्या थर्मामीटरवर खोली ३७ आणि बरणी २८ आली होती. २८ म्हणजे आदर्श नाही, पण दहा-बारा तासांत गाळलं तर दाणे टणक राहतात. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की हा उपाय बंद पडतो, पण तोपर्यंत खोलीही उतरलेली असते.

स्टीलचा चमचा लागला की दाणे मरतात असं जो तो सांगतो. काही होत नाही, माझी गाळणी स्टीलचीच आहे. तांब्या-पितळेचं आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं मात्र खरंच नको, आम्लात धातू उतरतो, आणि बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवू नये हे आपल्या आज्यांना माहीतच होतं. झाकण घट्ट लावू नका, गॅस होतो. थोडं अल्कोहोल पण असतं, सहसा एक टक्क्याच्या आत, त्यामुळे उपवासाला चालतं का हे मला विचारू नका. दाण्यावर गुलाबी, काळी बुरशी दिसली तर सरळ टाकून द्या, जीव अडकवू नका.

दुसरी गोष्ट, तिन्हीसांजेला विरजण देऊ नये तसं केफिर पण देऊ नये, आणि 'अडचण' असलेल्या बाईने बरणीला हात लावला की बिघडतं, हे मला एका शिकलेल्या घरात ऐकवलं गेलं. अहो, मे महिन्यात ज्या दिवशी बिघडलं त्या दिवशी ४४ डिग्री होतं, ते कोणी बघायचं? याच्या उलट टोकाला मोबाईलवाले, केफिर प्या आणि शुगरची गोळी बंद करा. नका करू. आंबलेलं दूध आहे, चांगलं आहे, लॅक्टोज थोडं कमी झाल्याने काहींना दुधापेक्षा सोसतं, ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी डॉक्टरला विचारूनच घ्यावं. बास.

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये चीनमधून बातमी आली होती. तिथल्या शिनजियांगमध्ये शियाओहे नावाच्या जुन्या दफनभूमीत ममींच्या गळ्याभोवती पांढरं काहीतरी माखलेलं सापडलं होतं, त्यातला डीएनए वाचला तर ते केफिरचं चीज निघालं, सुमारे ३३०० ते ३६०० वर्षांपूर्वीचं, आणि त्यात आपला गवंडी हजर. गाईचं आणि बकरीचं दूध ते लोक वेगवेगळं आंबवत होते हेही त्यातून कळलं. लॅबमध्ये हे सगळे जीव सुटे वाढवून एकत्र ओतले तरी दाणा काही सहज जमत नाही, दाणा दाण्यापासूनच वाढतो, म्हणजे कोणीतरी कोणालातरी देत आलंय तेव्हाच तो अमळनेरच्या ओट्यापर्यंत पोचला, आणि मी तो पाच दिवसांत संपवला.

ताईने जूनमध्ये परत पाठवले. आता अर्धे दाणे सुती कापडावर पंख्याखाली वाळवून दूधपावडरीत घोळवून फ्रीजमध्ये ठेवलेत, गावाला जायचं असलं तर बाकीचे ताज्या दुधात बुडवून फ्रीजमध्ये, आठवडाभर सहज राहतात, परत आल्यावर पहिली एक-दोन खेप आळशी निघते. आईने परवा उरलेल्या केफिरची कढी केली. उकळल्यावर सगळे मेले म्हणून मी सांगायला गेलो, तर तिने वाटी पुढे सरकवली.