पॅच जुळतोय तरी फोटो सॉफ्ट: चूक रेंजफाइंडरची की लेन्सची?

जुना रेंजफाइंडर कॅमेरा (दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायचा तो) घेतला, पहिला रोल धुऊन आला, फोटो सॉफ्ट, म्हणजे फोकस चुकून धूसर. पुढचा प्रश्न दर वेळी ठरलेला, "इन्फिनिटीचा स्क्रू कुठंय?" (इन्फिनिटी म्हणजे लांबात लांबचं फोकस) आणि कुणीतरी लगेच सांगतोच, अमुक झाकण काढ, बारीक पेचकस घे, पाव फेरा डावीकडे. अरे पण आधी विचारा ना की फोकस चुकलंय ते नेमकं कुणाचं? रेंजफाइंडर चुकणं आणि लेन्स चुकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हीचा फोटो मात्र सारखाच दिसतो, आणि स्क्रू एकाचाच हाताशी असतो म्हणून लोक तोच फिरवतात.

एसएलआर तुम्ही वापरलाय असं धरतो. तिथे जे लेन्समधून येतं तेच डोळ्याला दिसतं, संपला विषय. रेंजफाइंडरमध्ये तुमचा डोळा लेन्समधून कधीच बघत नाही. वरच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात, मधल्या पिवळसर चौकोनात, म्हणजे पॅचमध्ये, त्या एकावर एक आणायच्या, आणि फोकसची रिंग फिरवताना लेन्सच्या मागची पितळी रिंग पुढेमागे होऊन एक दांडी ढकलते, ती दांडी आतला आरसा किंवा प्रिझम किंचित वळवते. बस, एवढाच संबंध. म्हणजे रेंजफाइंडरला फक्त पितळ किती पुढे आलंय ते कळतं, पितळाच्या आत काच कुठे बसलीय याचा त्याला पत्ताच नसतो.

आता किरकोळ गोंधळ पटापट बाजूला करू. जुना दिसतो म्हणून प्रत्येक कॅमेरा रेंजफाइंडर नसतो, आपल्याकडे एकेकाळी घराघरात असलेला यशिका एमएफ-२ हा साधा व्ह्यूफाइंडरवाला, फोकस-फ्री, त्यात जुळवायला काही नाहीच, आणि "यशिका आहे म्हणजे रेंजफाइंडर" म्हणून विकणाऱ्यांना माझा लांबून नमस्कार. यशिका इलेक्ट्रो ३५ मात्र खरा रेंजफाइंडर. पॅच फिका दिसणं ही वेगळी तक्रार, त्याचा अचूकतेशी संबंध नाही, आणि कृपा करून आतला अर्धपारदर्शक आरसा कापसाच्या बोळ्याने अल्कोहोल लावून घासू नका, त्यावरचा मुलामा निघून येतो आणि मग पॅच फिका नाही, गायबच होतो. दोन प्रतिमा वरखाली दिसणं ही तिसरी तक्रार, डोळ्याला त्रास होतो पण फोकस त्याने बिघडत नाही. आणि झोर्की-४ या सोव्हिएत रेंजफाइंडरमध्ये रिवाइंडच्या नॉबखाली डायऑप्टरचा (डोळ्याच्या नंबराप्रमाणे दृश्य जुळवायचा) खटका असतो, तो धक्क्याने सरकला की सगळंच धूसर दिसतं आणि लोक "रेंजफाइंडर गेला" म्हणत मेकॅनिककडे पळतात. खटका हलवा आधी.

आता मुद्द्याचं. मी झोर्की-४ वरच बोलतो कारण तो मी इतक्या वेळा उघडलाय की झोपेतही स्क्रू मोजू शकेन. क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात १९५६ ते १९७३ बनला, १७ लाखांच्या वर निघाले, त्यामुळे अजूनही परवडणाऱ्या भावात मिळतो, आणि बहुतेकांच्या तोंडावर ज्युपिटर-८, ५० मिमी एफ २ ही लेन्स असते, एफ २ म्हणजे तिचं अॅपर्चर, आतलं छिद्र, पूर्ण उघडं. यात फोकस तीन ठिकाणी ठरतं. एक, लेन्सच्या पितळी नळीत काचेचा गट्टू कुठे बसलाय. दोन, बॉडीवरचा माउंट (लेन्स बसते ती जागा) फिल्मपासून किती लांब आहे, तो २८.८ मिमी असायला हवा आणि ते माप नेमकं साधायला कारखान्याने माउंटच्या रिंगखाली कागदाच्या पातळ चकत्या घातलेल्या असतात. तीन, रेंजफाइंडर. पहिल्या दोन जागा काचेला फिल्मशी जुळवतात, तिसरी जागा फक्त तुम्हाला बातमी देते. स्क्रू फिरवून तुम्ही बातमी बदलता, काच आहे तिथेच राहते.

माझंच उदाहरण सांगतो. मुंबईत चोर बाजारातून एक झोर्की आणला, कुणीतरी आधी शटर साफ करायला उघडलेला होता, स्क्रूंची डोकी बघूनच कळत होतं. पुण्यात गच्चीवर गेलो, सिंहगडावरचा टॉवर धरला, रिंग इन्फिनिटीला टेकवली तर दोन प्रतिमा जुळून आणखी पुढे निघून गेलेल्या. म्हटलं रेंजफाइंडर आउट, सोपंय, स्क्रू फिरवला, टॉवर एकावर एक आणला, स्वतःवर जाम खूश. रोल आला तर प्रत्येक फोटोत फोकस मागे. आईचा फोटो काढला होता एक मीटरवरून एफ २ ला, डोळे सॉफ्ट आणि कानशिलं कशी कोरून काढल्यासारखी. पुन्हा स्क्रू, पुन्हा रोल, असे दोन आठवडे आणि तीन रोल घालवले.

झालं काय होतं तर त्या आधीच्या माणसाने माउंट काढताना खालच्या कागदी चकत्या हरवल्या होत्या. साधारण एक दशांश मिलिमीटरचा फरक. आता नीट बघा, इथेच सगळे अडकतात. चकत्या गेल्या की अख्खी लेन्स ०.१ मिमी मागे जाते, म्हणजे काचही मागे आणि पितळी रिंगही तेवढीच मागे. रेंजफाइंडरची दांडी त्या पितळावर टेकलेली, त्यामुळे तीही तेवढीच जास्त दाबली जाते. म्हणजे टॉवरच्या प्रतिमा पुढे निघून गेल्या तेव्हा रेंजफाइंडर मला खरं तेच सांगत होता, की बाबा, काच इन्फिनिटीच्याही पलीकडे गेलीय. रिंग थोडी जवळच्या बाजूला, २५ मीटरच्या आसपास आणली असती तर पॅच जुळला असता आणि फोटोही शार्प आला असता, चुकलेलं होतं ते फक्त रिंगवरचे आकडे आणि इन्फिनिटीचा थांबा. आणि मी त्या एकमेव खरं बोलणाऱ्याचं तोंड पेचकसाने फिरवलं.

०.१ मिमी म्हणजे काय मोठंसं असं वाटतं, पण ५० मिमीच्या लेन्सला तेवढ्याने १ मीटरवर फोकस साधारण साडेतीन सेंटीमीटर सरकतं आणि ३ मीटरवर जवळजवळ ३५ सेंटीमीटर. एफ २ ला १ मीटरवर शार्प पट्टाच एकूण साडेचार सेंटीमीटरचा असतो, अर्धा पुढे अर्धा मागे. कानशिलांचं गणित जुळलं ना?

याच्या उलटी केस पण असते. काचेचा गट्टू नळीत नीट घट्ट बसला नाही, किंवा त्याच्यामागची चकती साफसफाईत राहून गेली. मग पितळ बरोबर, दांडी बरोबर, इन्फिनिटीला टॉवर अगदी एकावर एक, आणि फोटो सॉफ्ट. इथे रेंजफाइंडर निर्दोष आहे पण त्याला काच दिसत नाही म्हणून तो छातीठोक "जुळलंय" म्हणतो. इलेक्ट्रो ३५ मध्ये हे फार दिसतं, शटर साफ करायला पुढचा काचेचा भाग फिरवून काढतात आणि परत लावताना शेवटपर्यंत आवळत नाहीत. ज्युपिटरला नवीन ग्रीस भरताना फोकसचे आटे चुकीच्या तोंडाने जोडले की तोच प्रकार, फक्त घोळ जास्त मोठा.

मग ओळखायचं कसं? मीटरटेप घ्या, शिंप्याची नको, लोखंडी. भिंतीजवळ वर्तमानपत्र ४५ अंशात तिरकं उभं करा, मधल्या एका ओळीवर स्केचपेनने जाड रेघ मारा, कॅमेरा ट्रायपॉडवर. अंतर फिल्मपासून मोजायचं, लेन्सच्या तोंडापासून मोजणारे बरेच भेटलेत मला आणि मग लेन्सलाच शिव्या घालतात. आता एक फ्रेम रेंजफाइंडरकडे न बघता, टेपने १ मीटर मोजून रिंगवरचा १ लावून. दुसरी फ्रेम रिंगकडे न बघता, फक्त पॅच जुळवून. दोन्ही एफ २ ला. तेच १.५ आणि ३ मीटरवर, आणि वहीत फ्रेम नंबर लिहा, लक्षात राहील म्हणू नका, राहत नाही.

टेपवाली शार्प आणि पॅचवाली सॉफ्ट आली तर रेंजफाइंडर चुकलाय, स्क्रू तुमचाच. पॅचवाली शार्प आणि टेपवाली सॉफ्ट आली तर माउंटच्या चकत्या किंवा आकड्यांची रिंग, स्क्रूला हातसुद्धा लावू नका. दोन्ही सारख्याच, एकाच बाजूला सॉफ्ट असतील तर काच जागेवर नाही. आणि दोन्ही सॉफ्ट पण वेगवेगळ्या तऱ्हेने, तर तुमच्याआधी माझ्यासारखा कुणीतरी येऊन गेलाय.

रोल न घालवता पण बघता येतं, आणि मला तर हेच जास्त आवडतं. झोर्कीची पाठ पूर्ण निघते त्यामुळे सोपं जातं. शटर कॉक करा (ताणून तयार करा), मग स्पीड बी वर आणा (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं), याच क्रमाने, झोर्कीत कॉक न करता स्पीड बदलला तर आतली पिन मोडते आणि मग फोकस हा तुमचा सर्वात छोटा प्रश्न उरतो. लॉक होणारी केबल लावून शटर उघडं ठेवा, अॅपर्चर पूर्ण उघडं. आता फिल्मच्या जागी दुधी काच हवी. मॅट सेलोटेप ताणून लावायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही, टेप मध्ये झोळ खाते आणि आपण इथे दशांश मिलिमीटर शोधतोय. जुन्या एसएलआरचा फोकसिंग स्क्रीन कापा, किंवा अॅक्रिलिकचा तुकडा बारीक पॉलिशपेपरवर घासा, खरखरीत बाजू लेन्सकडे.

आणि तो ठेवायचा कुठे हे नीट ऐका. फिल्मच्या खिडकीच्या वर आणि खाली पट्ट्यांच्या दोन जोड्या असतात. बाहेरची जोडी किंचित उंच, तिच्यावर मागची दाबपट्टी टेकते. आतली जोडी खोल, फिल्म तिच्यावर बसते. तुकडा आतल्या जोडीवरच बसला पाहिजे, म्हणून तो ३५ मिमीपेक्षा केसभर कमी रुंदीचा कापायचा. बाहेरच्या जोडीवर ठेवलात तर चांगली लेन्सही चुकलेली दिसेल आणि तुम्ही एक धडधाकट कॅमेरा स्वतःच्या हाताने बिघडवाल, हे मी दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर होताना बघितलंय आणि मध्ये बोललो नाही याचं अजून वाईट वाटतं.

घड्याळजी डोळ्याला लावतो ते भिंग घ्या, एक किलोमीटरच्या पलीकडचं काहीतरी बघा, रात्री चंद्र उत्तम. सूर्याकडे नको, डोळा जाईलच, शिवाय या कॅमेऱ्याचं शटर कापडाचं, बंद असताना ऊन थेट लेन्समधून पडलं तर भोक पडतं, उन्हात लेन्सला टोपी लावायची सवय करा. रिंग थांब्याला टेकलेली असताना काचेवर चंद्राच्या कडा शार्प असतील तर लेन्स फिल्मशी जुळलीय, आता आणि फक्त आताच रेंजफाइंडरकडे बघायचं. घरात एसएलआर आणि १३५ किंवा २०० ची लेन्स असेल तर आणखी नेमकं होतं, एसएलआर आधी खऱ्या लांबच्या वस्तूवर फोकस करून तसाच ठेवायचा, झोर्कीच्या तोंडासमोर तोंड करून, आणि झोर्कीच्या दुधी तुकड्यावर पेनने रेघ मारून मागून टॉर्च. दोघेही इन्फिनिटीला असतील तर एसएलआरमध्ये ती रेघ लख्ख दिसते. गच्चीची गरज नाही, पावसाळ्यात मी सगळं असंच करतो.

जुळत नसेल तर आधी लेन्सचा गट्टू आवळून बघा, मग माउंट. कागदाच्या चकत्या सगळीकडे सारख्या नसतात, निघाल्या तशाच क्रमाने आणि त्याच जागी परत गेल्या पाहिजेत, फोटो काढून ठेवा मोबाइलवर. मी हरवलेल्याच्या जागी जाड कागद कापून घातला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसला.

रेंजफाइंडरची सेटिंग सगळ्यात शेवटी. झोर्कीत छोट्या गोल खिडकीच्या आतलं प्रिझम फिरवलं की वरखाली जुळतं, पण त्याने आडवंही हलतं, म्हणून उभं आधी आणि आडवं नंतर. मग समोरचा झाकण-स्क्रू काढून आतल्या स्क्रूने लांबचं जुळवा. १ मीटरवर टेप लावून बघा, तिथे चुकत असेल तर लेन्सवर टेकणाऱ्या दांडीचं टोक किंचित वळवावं लागतं, आणि ते वळवलं की लांबचं परत बिघडतं, परत स्क्रू, परत टोक, चार-पाच फेऱ्या होतात, चहा घेऊन बसा.

आणि ट्रायल रोल काढताना भर दुपारी एफ ८ ला फोटो काढून "एकदम शार्प आला, सेट झाला" म्हणू नका. एफ ८ ला ३ मीटरवर पावणेदोन मीटरचा पट्टा शार्प येतो, त्यात कसलीही चूक झाकली जाते. एफ २, जवळची वस्तू, संध्याकाळचा उजेड. तिथे आईचे डोळे शार्प आले की मगच त्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा म्हणजे तो हलत नाही. माझ्या झोर्कीवर गुलाबी आहे, घरात तेवढीच एक बाटली सापडली.