अ‍ॅस्बेस्टॉसचा पत्रा वेगळा, लॅगिंग वेगळं

मे महिन्यात गोव्यात डिचोली-साखळीकडे शाकारणीची घाई सुरू झाली की तीच दोन वाक्यं पुन्हा कानी येतात. "अ‍ॅस्बेस्टॉस म्हणजे विष, आजच पाडून टाक." आणि "एवढी वर्षं डोक्यावर आहे, कोणाला काय झालं?" दोन्हींच्या मुळाशी गोंधळ एकच: पत्रा आणि लॅगिंग सारखंच समजण्याचा.

पत्रा सगळ्यांच्या ओळखीचा: गोठ्यावरचा, पडवीवरचा, राखाडी, नालीदार. त्यात साधारण १० टक्के अ‍ॅस्बेस्टॉस या खनिजाचे तंतू, बाकी बहुतेक सिमेंट. लॅगिंग म्हणजे बॉयलरवर, वाफेच्या पाइपांवर, जुन्या जहाजांच्या इंजिन रूममध्ये उष्णता अडवायला गुंडाळलेलं अ‍ॅस्बेस्टॉसचं अस्तर. रंग, वजन वगैरे सोडून द्या.

खरा फरक तंतू बांधलेला आहे की सुटा, एवढाच. लॅगिंग बोटांनी दाबलं तरी भुगा होतो. ते काढायला सगळी जागा बंदिस्त करून, हवा हेपा (अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या) फिल्टरमधून ओढत काम करणारी प्रशिक्षित माणसंच हवीत. पत्र्यातला तंतू सिमेंटने धरून ठेवलेला असतो. पण ही पकड पत्रा शाबूत असेपर्यंतच, आणि लोक फसतात ते इथे. त्यावर ग्राइंडर चालवला, हातोडा मारला, वरून खाली भिरकावला की तंतू सुटलेच. ते डोळ्यांना दिसत नाहीत, तासन्‌तास हवेत राहतात आणि श्वासाबरोबर फुफ्फुसात जातात. त्यातून होणारा मेसोथेलिओमासारखा (फुफ्फुसाच्या आवरणाचा) कर्करोग बहुधा २० ते ४० वर्षांनी उघड होतो. तेव्हा "कोणाला काय झालं" याला काहीच अर्थ नाही.

म्हणून माझं ठाम मत: पत्रा धड असेल तर त्याला हात लावू नका. शेवाळ घालवायला प्रेशर वॉशर मारतात, त्याची मला सर्वांत जास्त चीड येते. वरचं सिमेंट खरवडून निघतं आणि तंतू उघडे पडतात.

काढायचाच असेल तर साबणाचं पाणी हलकं फवारून पत्रा भिजवा, पत्रा धरून ठेवणारे हुक-बोल्ट कटरने कापा, अख्खा पत्रा हातोहात खाली उतरवा. त्यावर पाय देऊ नका. जुना पत्रा काही न सांगता तुटतो आणि माणूस थेट जमिनीवर येतो. तोंडाला बांधलेला रुमाल निरुपयोगी. पी१०० (बारीक धूळ जवळजवळ पूर्ण अडवणाऱ्या) फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा, आणि दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. खाली पडलेली धूळ झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. ते फडकं आणि कामाचे कपडे घरच्या धुण्यात अजिबात नकोत. अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांचे कपडे धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झालेला आहे.

राहिले तुकडे. लोक ते वाटेवर भर म्हणून टाकतात आणि गाड्यांची चाकं रोज त्यांचं पीठ करतात. जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून, वर 'अ‍ॅस्बेस्टॉस' असं ठळक लिहून ठेवा. ते कुठे द्यायचे हे गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला पहिला बोल्ट कापण्याआधी विचारा.